दीड किलो

खडेबाजारामागच्या बोळात दस्तगीरची बेकरी.
काउंटरवर तेलकट अल्बम,
पानं एकमेकांना चिकटलेली.
रविवारी बाप्तिस्मा. आज गुरुवार.
उद्यमबागची पाळी सुटून मी थेट इथं आलोय,
नखांत अजून फाउंड्रीची काळी वाळू,
म्हणून पानं सासूबाई उलटतात.

कबुतर आहे, पण कोंबडीसारखं दिसतंय.
"पवित्र आत्मा आहे ओ तो," मी म्हणालो.
"चोच बारीक करून देतो की," दस्तगीर म्हणाला.
साखरेचा पाळणा आहे,
त्यात झोपलेलं बाळ गोरंपान, डोळे निळे, उघडेच.
सुवार्ता हसली, "आपलं तर गुळाची ढेप."
बुटांचा जोड आहे. पाणी ओतायचा शिंपला आहे.
एक पान अर्धं फाटलंय,
तिथं काय होतं ते दस्तगीरलाही आठवत नाही.

मग क्रूस.
पांढऱ्यावर सोनेरी, कडेनं द्राक्षांचा वेल.
मला तोच हवा होता.
सासूबाईंनी पानावर तळहात ठेवला.
"ब्याड."
बैलहोंगलच्या त्या. मराठी सगळी समजते,
नकार मात्र कानडीतच.
"ब्याड. क्रूसावर सुरी कोण चालवणार?"
मला बोलता आलं नाही.
आत मिक्सर फिरत राहिला.
दस्तगीरनं हात पुसले
आणि स्वतःच पुढचं पान काढलं.

समोरचं घर जैनांचं, म्हणून अंड्याशिवाय.
दीड किलो. व्हॅनिला.
"आणि नाव?"

अनुग्रह.
दोन्हीकडच्या आज्ज्यांची जीभ अडखळू नये
म्हणून तर हे निवडलं होतं.
हाक मारायला एकच नाव;
लिहायची वेळ येईपर्यंत
दोन नावं आहेत हे ध्यानातच आलं नाही.
केक आठ इंचांचा.
दुकानाच्या पाटीवर कुठली अक्षरं वर, कुठली खाली,
किती मोठी, कशाला काळं फासलं जातं,
हे इथं शाळेतल्या पोरालाही ठाऊक.
क्रीमचं काय करायचं, ते कुणी सांगितलेलं नाही.
दस्तगीर म्हणाला, "मला दोन्ही येतात ओ, उर्दूपण.
पण उन्हाचे दिवस.
'ग्र'चा पाय दोन्हीकडं घसरतो."

त्यानं वही उघडली, लांबडी, लाल पाठीची.
पाटावर बसावं तसं बोट एका ओळीवर बसलं
आणि तिथंच राहिलं.
कानडी मला वाचता येत नाही.
मी सुवार्ताचा चेहरा वाचला.

मागच्या वर्षीची ऑर्डर.
गुलाबी, पाळणा, एक किलो. पाचशे जमा.
पुढचा रकाना कोरा.
तिला पाणी लागलं ते दवाखान्यातच,
सलाइनच्या स्टँडपाशी, रात्री अडीचला,
पाळकसाहेबांच्या सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली.
एकोणीस दिवस.
केकचं सांगायला कुणी आलंच नाही इथं.

"पैसे परत द्यायला दोनदा निघालतो," दस्तगीर म्हणाला,
"तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलतो."

सुवार्तानं अल्बम आपल्याकडं ओढला.
मागं गेली. क्रूसाच्या पानावर थांबली.
"मधलं काही नको," ती म्हणाली.
"वेल तेवढा घ्या. सगळ्या कडेनं."
"आणि नाव?"
"नाव रविवारी देवळात ऐकतील सगळे."
मग जरा वेळानं,
"ते पाचशे यातच धरा."

दस्तगीरनं जुनी ओळ खोडली नाही.
तिच्यापासून एक बाण काढला,
समासातून, पानाच्या टोकापर्यंत,
आणि नव्या पानावर तिथूनच पुढं, आमच्या ओळीपाशी.

बाहेर भाजीवाल्यांची उठाउठ चालली होती.
मी गाडीला किक मारत होतो.
सासूबाई मागं बसताना म्हणाल्या,
चक्क मराठीत,
"दोन किलो सांगायचा होता."